लाडू जेवत नाही : पाळीव बॉल पायथनच्या उपासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मिशिगनच्या घरात एक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर आहे. हट्ट मुलाचा, नाव मी ठेवलेलं. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःची घट्ट गुंडाळी करतो, म्हणून लाडू. पहिल्याच हिवाळ्यात त्याने नोव्हेंबरमध्ये अन्न सोडलं ते एप्रिलपर्यंत तोंड लावलं नाही. त्या पाच महिन्यांत वाचलेलं, सरीसृपांच्या डॉक्टरांना विचारलेलं आणि मुख्य म्हणजे मी स्वतः चुकलेलं, असं सगळं खाली आहे. इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं हल्ली कुत्र्या-मांजरांऐवजी साप मागतात. मग एक दिवस साप जेवत नाही आणि त्यांच्या आया मला फोन करतात.

तीन आठवडे झाले, साप काही खात नाही. मरेल का हो?

साप मोठा आणि अंगाने भरलेला असेल तर नाही. तीन आठवडे ही बॉल पायथनच्या हिशेबात किरकोळ गोष्ट. निरोगी, प्रौढ बॉल पायथन दोन-चार महिने न जेवता राहिल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांकडे ढिगाने मिळतात.

आपण जे खातो त्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जळतो. साप ती ऊब बाहेरून उसनी घेतो, त्यामुळे त्याचा खर्च मुळातच कमी. त्यातही उपाशी राहायची वेळ आली तर तो आणखी काटकसर करतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना जवळपास साडेपाच महिने उपाशी ठेवलं होतं. त्यांनी शरीराच्या ऊर्जाखर्चात ७२ टक्क्यांपर्यंत कपात केली. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे त्या काळात साप लांबीने वाढले.

अजगरांच्या कुळात जेवण हेच मोठं खर्चिक काम असतं. बर्मी अजगराने भक्ष्य गिळलं की दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी मोठं होतं, आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं, आणि पचन संपलं की सगळं पुन्हा आक्रसतं. गिऱ्हाईक आलं की दुकान उघडायचं, एरवी शटर खाली. आपल्या दोन वेळच्या पोळी-भाजीच्या डोक्याने हे समजून घ्यायला गेलं की जीव टांगणीला लागतो.

पिल्लाची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या अंगात साठा नसतो. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू साधारण पहिली कात टाकल्यावर जेवायला लागतं. त्यानंतर ते महिनाभर सलग नाही म्हणत असेल आणि वजनही उतरत असेल, तर वाट बघत बसू नका.

मग काळजी कधी करायची?

वजनकाट्याला विचारा. स्वयंपाकघरात ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असतो तसला एक वेगळा घ्या (घरच्या काट्यावर साप ठेवलात तर पुढची भांडणं तुमची तुम्ही निस्तरा). झाकणाच्या डब्यात साप ठेवून दर दोन आठवड्यांनी वजन करायचं आणि तारखेसकट वहीत लिहायचं. विष्ठा केल्यानंतरचं वजन वेगळं टिपून ठेवा, नाहीतर एका रात्रीत साप वाळला असं वाटून घाबराल.

लाडूने खाणं सोडलं तेव्हा तो १४२० ग्रॅम होता. पाच महिन्यांनी १३६५. म्हणजे जेमतेम ४ टक्के घट. मला मात्र डोळ्यांना तो रोज खंगलेला दिसत होता. वही नसती तर डिसेंबरमध्येच मी त्याला चार दवाखाने फिरवून आणलं असतं.

मूळ वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास घट झाली, किंवा पाठीचा कणा धारदार होऊन दोन्ही बाजूंची कातडी छपरासारखी उतरती दिसू लागली, तर डॉक्टर गाठा. आजाराची लक्षणं दिसली तर वजन कितीही असो, थांबू नका. ती पुढे दिली आहेत.

नेमकं हिवाळ्यातच का?

बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन इथल्या गवताळ, मोकळ्या रानातला. आपल्याकडच्या पाळीव सापांचे पूर्वज बहुतेक याच देशांतून आले. थंडीचे महिने हा यांचा मीलनाचा काळ, आणि त्या दिवसांत नराचं लक्ष खाण्यावर नसतं. खोलीचं तापमान तुम्ही काटेकोर तेच ठेवलं तरी पुष्कळ नर ऋतू ओळखतातच. वयात येणारा नर पहिल्यांदा असा उपास धरतो तेव्हा घरातले सगळ्यात जास्त घाबरतात, कारण आदल्या महिन्यापर्यंत तोच प्राणी चिमट्यावर झेपावत असतो.

मादीचं कारण अंडी. अंडी पोटात असताना ती खाणं कमी करते किंवा सोडते, आणि घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते. त्या काळात जेवण नाही. ‘आमच्या मादीजवळ नरच नाही’ असं म्हणून हे कारण लगेच बाद करू नका. २०२० साली सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या एका बॉल पायथन मादीने सात अंडी घातली. किमान पंधरा वर्षं ती कुठल्याच नराजवळ आलेली नव्हती.

आमच्या घरी याला ‘लाडूचा चातुर्मास’ म्हणतात. फक्त हा कार्तिकी एकादशीला संपत नाही, साधारण तेव्हाच सुरू होतो.

तापमान तर बरोबर आहे, तरी खात नाही.

तापमान कशावर मोजलंत? ऋतूचं कारण वगळलं तर मला आलेल्या फोनपैकी सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच सुटली, आणि पहिलं प्रकरण माझंच होतं.

दुकानातून पेटीबरोबर घड्याळासारखा गोल काटा मिळतो, काचेला चिकटवायचा. आमचा काटा ३१ अंश सेल्सियस दाखवत होता. मी निर्धास्त. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काटा किती उंचीवर लावलाय?” काटा वर दिव्याजवळ, आणि साप खाली जमिनीवर. त्याच संध्याकाळी जमिनीवर सेन्सर ठेवून मोजलं तर २६ भरले. सापाला खाल्लेलं पचवायला उष्णता लागते. ती मिळणार नसेल तर न गिळलेलंच बरं, एवढं त्याचं शरीर जाणतं. न पचलेला उंदीर पोटात सडला तर जीवावर बेतू शकतं.

पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड हवी, म्हणजे साप आपली जागा आपण निवडतो. उबदार कोपऱ्यात जमिनीवर ३१ ते ३३ अंश सेल्सियस (इथल्या मापात ८८ ते ९१ फॅरनहाइट), थंड बाजूला २५ ते २७ (७७ ते ८० फॅरनहाइट), रात्री २४ च्या खाली शक्यतो जाऊ देऊ नका. वायरचा सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर साप जिथे बसतो तिथे ठेवा. गरम करणारं प्रत्येक उपकरण थर्मोस्टॅटवरच (तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रावरच) हवं. थर्मोस्टॅट नसलेली गरम होणारी चटई किंवा विजेवर तापणारा दगड सापाचं पोट भाजून काढतो, आणि साप बऱ्याचदा वेळेत बाजूला सरकत नाही.

दुसरी गोष्ट दमटपणा. आफ्रिकेतल्या बिळात बाहेरच्यापेक्षा दमट हवा असते. मिशिगनच्या जानेवारीत घर गरम ठेवणारी भट्टी दिवसरात्र चालू असते आणि हवा इतकी कोरडी होते की आपलेच ओठ फाटतात. पेटीत ५५ ते ६५ टक्के आर्द्रता हवी, कात टाकण्याच्या दिवसांत थोडी जास्त. आमची पेटी वरून जाळीची होती, म्हणजे केलेली वाफ सगळी छताला. जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग झाकला आणि खाली नारळाच्या काथ्याचा भुसा घातला तेव्हा जमलं. पेटी खिडकीलगत असेल तर हलवा. आमची तीही चूक झाली होती.

नवीनच आणलाय. पहिल्या दिवसापासून अन्नाला शिवला नाही.

शिवणार कसा? त्याच्या दृष्टीने तो कुणाच्या तरी तोंडातून सुटून आलाय. किमान आठवडा, जमलं तर दहा दिवस त्याला हात लावू नका, पाणी बदला आणि बाजूला व्हा. जेवण त्यानंतर.

हौसेने घेतलेली मोठी, मोकळी, चारी बाजूंनी काचेची पेटी हा दुसरा घोळ. हा प्राणी रानात दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून असतो. त्याला अंगाला भिंत लागली की सुरक्षित वाटतं. उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक, अशा दोन लपायच्या जागा द्या, आणि त्या अंगाला लागतील एवढ्या घट्ट हव्यात. मधल्या मोकळ्या जागेत खोटी पानं, फांद्या, झाडाची साल काहीही भरा. तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवा. एका मैत्रिणीच्या घरी एवढंच केलं आणि सात आठवड्यांचा उपास चौथ्या दिवशी सुटला.

आणि मुलांना आवरा. शाळेतून आल्यावर रोज गळ्यात घालायला तो काही मफलर नाही. गेल्या वर्षी गणपतीत आमच्याकडे चाळीस माणसं आली होती आणि अर्ध्या लोकांना लाडूबरोबर फोटो हवा होता. पुढचे तीन आठवडे त्याने बिळातून तोंड बाहेर काढलं नाही. या वर्षी त्याची खोली दीड दिवस कुलूपबंद होती.

डोळे दुधी-निळसर झालेत. आंधळा झाला का?

कात टाकणार आहे. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, आणि नव्या-जुन्या कातीमध्ये द्रव साठला की तो धूसर होतो. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडचिडा असतो आणि बहुतेकदा जेवत नाही. डोळे पुन्हा स्वच्छ होतात, त्यानंतर काही दिवसांनी कात पडते. मग उंदीर द्या. कात अखंड निघाली का आणि डोळ्यांवरचे दोन्ही खवले तिच्यात आहेत का, ते तपासा. तुकड्यांत निघाली असेल तर वरचा दमटपणाचा भाग पुन्हा वाचा.

उंदीर द्यायची काही पद्धत असते का?

असते, आणि निम्मी गंमत तिथेच आहे. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर छोट्या खाचा असतात, त्यांतून त्याला उष्णता कळते. अंधारात त्याला उंदीर म्हणजे एक ऊबदार, वास असलेला ठिपका. फ्रीझरमधला उंदीर तुम्ही खोलीच्या तापमानाला आणून ठेवलात तर त्याच्या लेखी तो उंदीरच नव्हे.

आदल्या रात्री उंदीर पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. संध्याकाळी पिशवीतच, हाताला सोसेल एवढ्या, म्हणजे साधारण ४० अंशांच्या पाण्यात ठेवा. आत गोठलेला भाग राहिला नाही ना, ते दाबून पाहा. मायक्रोवेव्ह अजिबात नको. उंदीर बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, कधी फुटतोही. मग कोरडा करायचा, दिवे मालवायचे आणि लांब चिमट्याने शेपटीकडून धरून लपायच्या जागेच्या तोंडाशी हलकेच हलवायचा. तोंडावर आपटू नका, साप बिचकतो. पाच-दहा मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवून दार लावून घ्या. सकाळी तसाच असेल तर फेकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही.

आकार? सापाचं अंग जिथे सगळ्यात जाड तेवढा उंदीर, त्याहून मोठा नको. लाडूला साधारण ८० ग्रॅमचा एक, तीन आठवड्यांनी. दर दोन दिवसांनी उंदीर नाचवणं हा आयांचा ठरलेला आजार. दोन प्रयत्नांत निदान दहा दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर चिमटा दिसला की साप बिळात जातो.

जिवंत उंदीर सोडून पाहू का, असं विचारणारेही असतात. भूक नसलेल्या सापापुढे सोडलेला जिवंत उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीचं हाड उघडं पडलेल्या सापांचे फोटो मी पाहिलेत, तुम्ही शोधू नका.

राहिला फ्रीझर. आमचं घर शाकाहारी, आणि उकडीच्या मोदकांशेजारी उंदीर ठेवायचा म्हटल्यावर सासूबाईंनी भारताचं तिकीट बघायला सुरुवात केली होती. गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घेतला. तसंही ते आरोग्याला धरूनच झालं, कारण गोठलेल्या उंदरांवर आणि सापांच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. भांडी, चिमटा, बादली सगळं वेगळं ठेवा आणि साबणाने हात धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला सापापासून लांबच ठेवलेलं बरं.

आधी छोटे उंदीर आवडीने खायचा. मोठ्या जातीचा दिला तर ढुंकूनही बघत नाही.

छोटा पांढरा उंदीर आणि मोठ्या जातीचा उंदीर यांचे वास वेगळे असतात, आणि बॉल पायथन एका वासाला चिकटून बसतो. मोठ्या जातीचं लहान पिल्लू छोट्या उंदराच्या पेटीतल्या भुशात घोळवून द्या. काही साप तेवढ्याने फसतात, काही सहा महिने फसत नाहीत. ज्याच्याकडून साप घेतला त्याला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा : काय खायचा, किती मोठं, गोठवलेलं की जिवंत, किती दिवसांनी. रानातून पकडून आणलेला साप असेल तर तो या सगळ्यात जास्त हट्टी. पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या.

आई पुण्याहून सांगते, दूध ठेवून बघ.

माझीही सांगायची. साप दूध पीत नाही. सस्तन प्राण्यांची पिल्लं दूध पितात, सापाचा त्याच्याशी संबंध नाही आणि त्याला ते पचतही नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग पितो असं दिसायचं, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असायचा. तशा अवस्थेत तो समोर येईल ते पितो आणि पुढे त्यानेच आजारी पडतो. वाटी ठेवायचीच तर स्वच्छ पाण्याची, आणि सापाला आत बसता येईल एवढी मोठी. उपासाच्या काळात पाणी अन्नापेक्षा महत्त्वाचं. आईला सांगताना मात्र ‘इथलं दूध त्याला सोसत नाही’ असं सांगितलं, तिला लगेच पटलं.

खाल्लं, पण दुसऱ्या दिवशी बाहेर टाकलं.

लगेच दुसरा उंदीर देऊ नका. ओकण्यात पोटातला पाचकरस आणि पाणी दोन्ही जातं. किमान दोन आठवडे थांबून मग नेहमीच्या निम्म्या आकाराचा द्या. बहुतेकदा कारण साधं असतं : उंदीर फार मोठा होता, पेटी थंड होती, किंवा जेवल्यावर ४८ तासांच्या आत कुणीतरी सापाला उचललं. पुन्हा झालं तर डॉक्टरकडे जाताना ते बाहेर टाकलेलं पिशवीत घालून न्या, किळस वाटली तरी.

आजार आहे हे कसं ओळखू?

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे : श्वसनाचा संसर्ग. हिरड्या लाल किंवा तोंडात दह्यासारखा पांढरा थर : तोंडाचा संसर्ग, दुखतं म्हणून खात नाही. सतत पाण्याच्या वाटीत बसून आहे आणि पाण्यात मिरपुडीसारखे काळे ठिपके : अंगावर गोचिडीच्या जातीतले बारीक किडे झालेत. डोकं वाकडं धरणं, उलटं पडल्यावर सरळ होता न येणं : हे गंभीर, बोआ आणि अजगरांत काही विषाणूंमुळे होतं, त्याच दिवशी दाखवा आणि घरातल्या इतर सापांपासून वेगळा ठेवा. पोटातले जंत बाहेरून दिसत नाहीत, त्यासाठी ताज्या विष्ठेची तपासणी लागते.

नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर इथे पुरत नाही. सरीसृप बघणारा डॉक्टर साप आणण्याआधीच शोधून ठेवा. आम्हाला पहिल्या दवाखान्यात ‘भूक वाढायचं’ म्हणून एक इंजेक्शन सुचवलं होतं, पेटीच्या तापमानाबद्दल एकही प्रश्न न विचारता. आम्ही तिथून उठलो.

जबरदस्तीने भरवलं तर?

स्वतःहून नको. सापाचे जबडे नाजूक, दात मागे वळलेले आणि श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. चुकलं तर दात तुटतो किंवा अन्न भलतीकडे जातं. शिवाय ज्या हाताने भरवलं त्या हाताची भीती बसते आणि उपास लांबतो. खरंच खंगलेल्या सापाला डॉक्टर नळीने पातळ अन्न देतात, ते त्यांचं काम.

आमचा कॉर्न स्नेक आहे. त्यालाही हेच लागू?

थोडंफार. तो अमेरिकेचाच, थंडी जाणणारा. हिवाळ्यात मंदावतो, आणि वसंतात नर मादीच्या शोधात जेवण विसरतात. पण एरवी तो खादाड आहे. उन्हाळ्यात दोन महिने न खाणारा कॉर्न स्नेक मला बॉल पायथनपेक्षा जास्त काळजीत टाकेल. त्याला उबही थोडी कमी पुरते.

भाच्याला पुण्यात साप पाळायचाय. चालेल?

धामण, नाग, अजगर, दिवड, कुठलाही देशी साप घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. जखमी साप सापडला तर वनविभागाला कळवायचं. ‘चार दिवस ठेवतो, मग सोडतो’ हेही नको. बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) यादीत आहेत. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागद नसताना कुणी विकत असेल तर घेऊ नका. आणि पकडून डब्यात ठेवलेला धामण खात नाही म्हणून कुणी विचारत असेल, तर त्याला औषध एकच, तो सोडायला वनविभागाच्या ताब्यात द्या.

उपास सुटतो तेव्हा कळतं का? मग काय द्यायचं?

कळतं. दिवसभर बिळात असणारा साप संध्याकाळी डोकं बाहेर काढून, मान इंग्रजी एससारखी आवळून बसतो, आणि जीभ भराभर चालते. पहिला उंदीर नेहमीपेक्षा लहान द्या. तो पचून विष्ठा झाली की दुसरा, मग हळूहळू मूळ आकारावर या. राहिलेली जेवणं भरून काढायला जाऊ नका.

लाडू एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री असा बसलेला दिसला. बाहेर बर्फ वितळून पाऊस लागला होता. मुलगा झोपलेला, मी एकटीच चिमटा घेऊन अंधारात उभी. ४० ग्रॅमचा उंदीर चिमट्यातून कधी गेला तेही कळलं नाही, फक्त हाताला हिसका बसला. पुण्यात तेव्हा सकाळ होती. आईला फोन लावून सांगितलं, “जेवला.” ती म्हणाली, “दूध घालून दिलं होतंस ना?”